मिळकतीवरचं दुसरं नाव

प्रमोदिनी सयाजीराव इंगवले हे नाव कोल्हापुरात शाहूपुरीतल्या आमच्या बोळात सगळे अदबीनं घ्यायचे. त्या माडीवर राहायच्या, मी आणि माझी बायको खालच्या दोन खोल्यांत. दोन्ही घरं भाडेकरूच. नातं काही नाही, पण मी त्यांना वहिनी म्हणायचो आणि त्या मला भाऊजी. पाटबंधारे खात्यात टपालाची आवक-जावक लिहिण्यापलीकडे मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही, त्यामुळे हे जमेल की नाही याची मला शंकाच आहे. लिहू का, असं वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "लिहा. पण नाव पूर्ण लिहा."

त्यांचे यजमान सयाजीराव हायस्कूलात शिक्षक होते. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. वहिनींचं बोलणं स्वच्छ, साडीची घडी कधी मोडलेली नाही. बोळातली पोरं दारात क्रिकेट खेळताना "आउट हाय, आउट हाय" ओरडायची, तर वहिनी गॅलरीतून सांगायच्या, "हाय नाही, आहे म्हण." पोरं त्यांच्यापुरतं आहे म्हणायची आणि त्या आत वळल्या की पुन्हा हाय. माहेराविषयी कुणी विचारलं तर "गडहिंग्लजकडचं. आता तिकडे कुणी नाही," एवढं सांगून त्या विषय बदलायच्या.

वर्षातून एकदोनदा एक म्हातारी एसटीनं यायची. नऊवारी लुगडं, डोक्यावर मिरच्यांचं गाठोडं. जिन्याखाली उभी राहून ती हाक मारायची, "प्रमोदिनीबाई हायत का घरात?" वहिनी गॅलरीत यायच्या, इकडेतिकडे बघायच्या आणि हलक्या आवाजात म्हणायच्या, "वर ये." स्वतः कधी खाली यायच्या नाहीत. म्हातारी गुडघ्यावर हात टेकत जिना चढायची. एकदा माझ्या बायकोनं तिला विचारलं, "किलो कशी दिली?" म्हातारी म्हणाली, "इकायची न्हाईत. बाईंची हायत." आम्ही समजलो, जुनी ओळखीची मिरचीवाली असेल. नंतर कधीतरी ती यायची बंद झाली.

बायकोनंच मला एकदा दाखवलं होतं की वहिनी अंगणात बसून मिरच्यांची देठं खुडतात तेव्हा त्यांची बोटं दिसतसुद्धा नाहीत. "पोतंभर मिरची तासात खुडून टाकतील," ती म्हणाली. मी ते कौतुकानं वहिनींना सांगितलं. त्यानंतर त्या अंगणात मिरची घेऊन कधी बसल्या नाहीत.

मग घरमालकानं जागा बिल्डरला द्यायचं ठरवलं आणि आम्हा सगळ्यांनाच उठावं लागणार हे नक्की झालं. वहिनींचा मुलगा धवल एमआयडीसीत एका कारखान्याच्या हिशेबखात्यात आहे. त्यानं कळंब्याकडे फ्लॅट बघितला. साठेखत झालं, म्हणजे मी एवढ्याला घेणार आणि तू एवढ्याला देणार असा लेखी करार झाला, बयाणा दिला. मला वाटलं झालं घर. धवल म्हणाला, "नाही काका. घर आपलं होतं ते खरेदीखतानं. हा नुसता वायदा." फ्लॅट आईच्या नावावर घ्यायचा असं त्यानं आणि त्याच्या बायकोनं, भैरवीनं ठरवलं होतं, कारण बाईच्या नावावर घर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. बँकेचं मंजुरीपत्र आलं होतं. पण बँक सगळे पैसे देत नाही. आपला हिस्सा आधी भरावा लागतो, तो भरल्याचा पुरावा दाखवला की मगच ती तिचा देते. आणि मंजुरीपत्राला मुदत असते. ती दिवाळीपर्यंत होती.

आपला हिस्सा यायचा होता गडहिंग्लजच्या घरातून. तिथे वहिनींच्या आईचं, चिमणाबाईंचं, लहानसं घर होतं. शेजारचा मिरचीचा व्यापारी शिवप्रसाद ते घ्यायला तयार होता. धवलनं मला साक्षीदार म्हणून बरोबर घेतलं आणि आम्ही तिघं वकीलबाईंकडे गेलो.

वकीलबाई तरुण आणि मोकळ्या स्वभावाच्या होत्या. त्यांनी मिळकतपत्रिका उघडून वाचली. "मालक म्हणून दोन नावं आहेत. पहिलं चिमणाबाई बाबू शिंत्रे. त्यांच्या मृत्यूचा दाखला आहे, ते काम सोपं. दुसरं आहे धोंडुबाई बाबू शिंत्रे. या कोण?"

धवलनं आईकडे पाहिलं. त्यानं ते नाव कधी ऐकलंच नव्हतं.

वहिनींनी पदर सावरला. "माझी थोरली बहीण," त्या म्हणाल्या. "लहानपणीच गेली."

"अरेरे. मग त्यांच्या मृत्यूचा दाखला लागेल. नसेल तर वारसाचं प्रकरण कोर्टात जाईल, आणि मग दिवाळी विसरा."

घरी येईपर्यंत वहिनी रस्त्याकडेच बघत होत्या. मला वाटलं, बहिणीची आठवण आली असेल.

पुढचा महिना धवल रजा टाकून गडहिंग्लजला खेपा घालत होता. नगरपालिकेत जुनी दप्तरं काढून दाखवली, नोंद सापडेना. शाळेत विचारलं, सरकारी दवाखान्यात विचारलं. रोज संध्याकाळी तो जिना चढताना मी दारात असायचो. त्याची पावलं जड पडायची आणि वरून वहिनींचा आवाज यायचा, "मिळालं का रे?" तो म्हणायचा, "नाही गं. पण कुठेतरी असणारच की." इकडे बिल्डरचे फोन सुरू झाले होते. मुदतीत पैसे आले नाहीत तर बयाणा परत मिळणार नाही, असं साठेखतात लिहिलेलंच होतं. आणि शाहूपुरीतली जागाही आता सोडायची होती.

पितृपंधरवडा आला. भैरवी मनानं फार चांगली मुलगी. तिला वाटलं, या मावशीसाठी घरात कधी कुणी काही केलं नाही, म्हणून तर काम अडत नसेल? सर्वपित्रीला तिनं सासऱ्यांच्या पानाशेजारी मावशींचं वेगळं पान वाढायचं ठरवलं. मी त्या दिवशी वर जेवायला होतो, म्हणून ऐकलं.

"आई, मावशींना काय आवडायचं?"

"गूळ-शेंगदाणे," वहिनी म्हणाल्या, आणि म्हटल्याबरोबर त्यांनी मान खाली घातली.

भैरवीनं भात, वडे, खीर असं सगळं वाढून कडेला गुळाचा खडा आणि मूठभर शेंगदाणे ठेवले. धवल दोन्ही पानं गच्चीवर घेऊन गेला. आम्ही मागोमाग जाऊन हात जोडून उभे. मास्तरांच्या पानाला बराच वेळ कावळा शिवेना. पण मावशींच्या पानावर मात्र लगेच आला आणि त्यानं आधी गूळच उचलला. भैरवीच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा आई, किती वाट बघत होत्या त्या."

जेवणं झाल्यावर मी खाली आलो. थोड्या वेळानं वहिनी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन बसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना पायरीवर बसलेलं पाहिलं नव्हतं.

"भाऊजी, ते पान माझं होतं."

मला काही कळलं नाही.

"धोंडुबाई मीच. माझ्याआधीची दोन गेली, म्हणून आईनं माझं नाव धोंडू ठेवलं. दगडाला कोण उचलून नेतंय, म्हणायची. घर घेतलं तेव्हा मी परकरात होते, तरी तिनं आपल्याबरोबर माझं नाव घातलं. उद्या मला काही झालं तर पोरीला कुणी बाहेर काढू नये म्हणून."

"पण मग प्रमोदिनी?"

"लग्नातलं. सासूबाई म्हणाल्या, चारचौघांत हाक मारायला लाज वाटेल असं नाव आमच्या घरात नको. ताटात तांदूळ पसरले आणि अंगठीनं नवं नाव लिहिलं." त्या थांबल्या. "कुणी माझ्यावर जबरदस्ती केली नाही, भाऊजी. मला आनंद झाला होता. इतका आनंद की तांदळातलं ते नाव मोडू नये म्हणून मी ताट हलवू देत नव्हते. लाज वाटते ती त्याची."

त्या पुढं म्हणाल्या, "ती गाठोडं घेऊन यायची ती माझी आई. लग्नापासून तिनं मला धोंडे म्हणून हाक मारली नाही. प्रमोदिनीबाई म्हणायची. पोटच्या लेकीला बाई. मी एकदाही तिला सांगितलं नाही की असं म्हणू नकोस. उलट बोळातल्या कुणी ऐकलं नाही ना, एवढंच बघायची."

मी म्हणालो, धवलला सांगून टाका. त्या म्हणाल्या, "माझ्यानं होत नाही. महिनाभर त्याला पळवलंय. तुम्ही सांगाल?"

मी बरं म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी धवल स्कूटर काढत होता तिथे मी जाऊन उभाही राहिलो. त्यानं विचारलं, "काका, काही काम होतं?" मी म्हणालो, "नाही, सहज." असं चारदा झालं. शेवटी तोच गाडी पुसता पुसता हसून म्हणाला, "काका, स्कूटर विकत घ्यायचीय का तुम्हाला?"

तेवढ्यात वकीलबाईंनी नवा मार्ग काढला. धोंडुबाई लहानपणी वारली हे माहीत असलेल्या तिथल्या दोन जुन्या माणसांची प्रतिज्ञापत्रं घ्यायची, धवलनंही एक करायचं, आणि त्यावर प्रयत्न करून बघायचा. मात्र त्यांनी बजावलं, "यात काही खोटं निघालं तर व्यवहार जाईलच, वर सही करणाऱ्यावर गुन्हा." वहिनींनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा मी बघत होतो. सही मुलाची होणार होती.

आम्ही तिघं एसटीनं गडहिंग्लजला निघालो. वहिनी खिडकीशी. कागलच्या पुढं त्यांनी एकदा "धवल" म्हणून हाक मारली. त्यानं मान वळवली, तर म्हणाल्या, "पाणी दे."

शिवप्रसादच्या वाड्यात अंगणभर मिरची पसरलेली. आम्ही शिरलो तसा ठसका लागला. ढिगाशेजारी त्याची आई गंगव्वा देठं खुडत बसली होती. कपाळाला विभूती, अंगानं वाळकी, आवाज मात्र खणखणीत, बोलण्यात मधूनच कानडी. शिवप्रसादनं खुर्च्या मांडल्या.

"या पावणं, बसा. आई, हे शेजारचं घर देणारे. चिमणाबाईचा नातू."

"व्हय? चिमणीचा नातू? बस रं तम्मा. च्या टाक की रं शिवा."

धवल बसला नाही. कामाचा माणूस, सरळ विषयाला आला. "आजी, चिमणाबाईंची थोरली मुलगी होती ना, धोंडुबाई? ती कधी वारली, तुम्हाला आठवतं का?"

गंगव्वाचे हात थांबले. "कोण वारली?"

"धोंडुबाई."

तिनं त्याच्या खांद्यावरून दाराकडे बघितलं. वहिनी उंबऱ्याच्या बाहेरच उभ्या होत्या, पदर डोक्यावरून पार कपाळापर्यंत ओढलेला.

"यव्वा. मग ती दारात हुबी ऱ्हायलीया ती कोण? भूत हाय व्हय?"

शिवप्रसाद हसला. "आई, त्या प्रमोदिनीताई हायत."

"तुझी ताई आसंल. माझी धोंडी हाय ती. ह्याच अंगणात मिरच्या खुडत मोठी झाली की. हात भाजलं म्हंजी माझ्याच दह्याच्या गाडग्यात घालायची. काय गं धोंडे, पोरगं काय म्हणतंय? कवा मेलीस, मला कळीवलं बी न्हाईस?"

शिवप्रसादचं हसू विरलं. धवल आईकडे वळला. वहिनी आत आल्या, ढिगापाशी खाली बसल्या आणि एक मिरची उचलून त्यांनी देठ काढलं. मग दुसरी.

"आई?"

"मीच रे. मीच धोंडुबाई."

"मग मी महिनाभर दाखला कुणाचा शोधत होतो?"

"माझा."

"आणि भैरवीनं पान वाढलं ते?"

"गूळ मला आवडतो," वहिनी म्हणाल्या. आवाज जेमतेम ऐकू आला.

धवल रागावला. त्याचा राग मी पहिल्यांदाच पाहिला. "घर जायची वेळ आली, आई. कारखान्यात रजा उरलेली नाही. आणि एवढ्यासाठी? नावाची लाज वाटते म्हणून?"

वहिनी देठं खुडत राहिल्या. गंगव्वाच म्हणाली, "वाटतीया तर वाटू दे की. माझ्या नातवानं साळंत आज्जीचं नाव गंगा सांगितलंया. मी काय मेली न्हाय. पर वाईट वाटलं बघ. तू नगं वरडू तिच्यावर. तिची आई असती तर तुला हितनं हाकलला असता."

धवल बाहेर जाऊन वकीलबाईंशी फोनवर बोलला. परत आला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता. "त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, हे पहिल्याच दिवशी सांगायचं होतं, लग्नात नाव बदललेल्या बायका रोज येतात. दोन्ही नावांची बाई एकच, असं आईचं प्रतिज्ञापत्र करायचं आणि दस्तात मध्ये ऊर्फ घालायचं. एका दिवसाचं काम."

एका दिवसाचं काम आहे हे ऐकून वहिनींना हलकं वाटेल असं मला वाटलं होतं. पण त्यांनी पदरानं तोंड झाकलं. मिरचीच्या हातानं डोळे पुसू नयेत म्हणून गंगव्वानं त्यांचे हात धरून ठेवले.

दसऱ्यानंतर गडहिंग्लजच्या घराच्या खरेदीखताची नोंदणी झाली. दस्त करून देणाऱ्या माणसाला ओळखणारे दोघं तिथे लागतात. एक मी, दुसरी गंगव्वा. निबंधक साहेबांनी मला विचारलं, "यांना ओळखता?"

"हो. प्रमोदिनी इंगवले."

"आणि आजी, तुम्ही?"

"वळखती की. धोंडी. चिमणाबाईची."

साहेबांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. "म्हणजे तुम्ही दोघं मिळून एक बाई ओळखता."

मागच्या बाकावरची माणसं हसली. मला मात्र ते लागलं. इतकी वर्षं मी एकाच जिन्याखाली राहिलो आणि अर्ध्याच बाईला ओळखत होतो. जिन्याखाली उभ्या राहणाऱ्या त्या म्हातारीला तर एकदा बसा म्हणून पाटही मांडला नव्हता.

साहेब वहिनींना म्हणाले, "तुमचं नाव तुमच्या तोंडानं सांगा."

वहिनींचे ओठ हलले.

"जरा मोठ्यानं, बाई."

"धोंडुबाई बाबू शिंत्रे." एवढं सांगून त्या थांबल्या. "आणि प्रमोदिनी सयाजीराव इंगवले."

मग अंगठा, फोटो, आणि काम संपलं. दिवाळीच्या आधी बँकेनं आपला हिस्सा दिला, फ्लॅटचं खरेदीखत वहिनींच्या नावानं झालं. एक टक्का सवलतही मिळाली. बँकेचा बोजा घरावर आहे, तो धवल फेडेल. भैरवीला खरं कळलं तेव्हा ती रडत सुटली होती, जिवंत सासूचं पान वाढलं म्हणून. वहिनी तिला म्हणाल्या, "कावळा तर खूश होता." पण मला आणि माझ्या बायकोला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं, "बोळात मात्र बोलू नका." आम्ही बोललो नाही.

वास्तुशांतीला शाहूपुरीतला अख्खा बोळ कळंब्याला लोटला. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. बायका पैठण्या नेसून बाल्कनीत उभ्या होत्या, खाली चपला सांभाळणाऱ्यासारखा मी फाटकाजवळ खुर्ची टाकून बसलो होतो. तेवढ्यात रिक्षातून गंगव्वा उतरली. एकटीच. काखेत कापडी पिशवी, पिशवीतून लाल मिरचीची टोकं डोकावत होती. वॉचमननं विचारलं, "कुणाकडं जायचंय?" तिनं पिशवी सावरली. वर बघितलं, हाक मारायला तोंड उघडलं, आणि बाल्कनीतल्या बायका तिला दिसल्या. तिनं तोंड मिटलं. पदर नीट केला. मग बेतानं, एरवीपेक्षा हळू आवाजात तिनं विचारलं,

"प्रमोदिनीबाई हायत का घरात?"

शब्द तेच होते.

वहिनी बाल्कनीत आल्या. कपाळावर पूजेचं गंध. त्यांनी खाली बघितलं आणि कठडा धरला. शेजारची एक बाई दुसरीला म्हणाली, "मिरचीवाली आलीय वाटतं." वहिनींना ते ऐकू गेलं. त्या इकडेतिकडे बघतील असं मला वाटलं, जुनी सवय. त्यांनी बघितलंही. सगळ्या बायका त्यांच्याकडेच बघत होत्या.

"कोण प्रमोदिनी?" वहिनी म्हणाल्या. आवाज फुटला होता. "धोंडी म्हण की गं मला."

गंगव्वा खालून बघत राहिली. मग तिचा नेहमीचा आवाज परत आला.

"धोंडे, मला ती लिफ्ट न्हाय जमत. आन् गुडघं ऱ्हायलं न्हाईत. वर कशी येऊ?"

"थांब. मी येते खाली."

त्या लिफ्टनं आल्या नाहीत. दोन मजले जिन्यानं उतरल्या, एका हातानं साडीचा काठ उचलून, दुसरा हात भिंतीला लावत. माझ्यासमोरून गेल्या, पण माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मान खालीच होती. गंगव्वापाशी पोचल्यावर त्यांनी आधी तिच्या काखेतली पिशवी घेतली आणि आपल्या डोक्यावर ठेवली.